गच्चीवर एकच अँटेना पुरते, फक्त तिची वाटणी नीट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. सोसायटीच्या गच्चीवर डिश आणि अँटेनांचं रान माजलंय, ज्याला वाटेल तो ड्रिल मशीन घेऊन वर जातो, स्लॅबला भोक पाडतो, क्लॅम्प ठोकतो आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की वरच्या मजल्यावाल्याच्या बेडरूमला ओल येते, असं त्यांनी लिहिलं होतं. अगदी खरं आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करावं लागलंय, त्यामुळे मी त्यांच्याच बाजूची आहे. पण पत्राच्या शेवटी त्यांनी म्हटलंय की डिश एकवेळ समजू शकतो, हे हौशी रेडिओवाले कशाला पाहिजेत, त्यांच्या काठ्या सरसकट उतरवा. हे वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, पत्र लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये २७ वर्षं काम केलं, हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे, आणि कोथरूडला सात मजली बिल्डिंगमध्ये राहते. आमच्या गच्चीवर एकेकाळी रेडिओच्या चार काठ्या होत्या. एक माझी, एक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची, त्यांच्याकडे जुने ट्यूनर आहेत आणि विविध भारती स्वच्छ ऐकू आली पाहिजे एवढाच त्यांचा हट्ट असतो, एक तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीची, तिने ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या जोडून हवामानाच्या उपग्रहांसाठी केली होती, आणि एक पाचव्या मजल्यावरच्या मुलाची, तो हॅमच्या परीक्षेची तयारी करतोय आणि स्कॅनर लावून आमच्या हॅम मंडळींचं बोलणं ऐकत बसतो. चार काठ्या, चार वायरी, आणि त्या वायरी पॅरापेटवरून खाली सोडलेल्या, वारा सुटला की चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीवर रात्रभर टकटक वाजायच्या. कमिटीने शेवटी नोटीस लावली, पंधरा दिवसांत सगळं काढा. मी चेअरमनना भेटले आणि म्हटलं, काठी एकच ठेवू, अँटेना एकच ठेवू, स्लॅबला एकही भोक नसेल, वायर डक्टमधून येईल, आम्ही चौघंही त्याच्यावरच ऐकू, एक पावसाळा बघा आणि मग ठरवा. ते तयार झाले. त्याला आता तिसरा पावसाळा होऊन गेलाय.

आता कोणी विचारेल की चार रिसीव्हर कशाला, एकाच रेडिओवर सगळं ऐका की. तसं होत नाही. आजकाल मुलं जे यूएसबीचं डोंगल वापरतात, कॉम्प्युटरला लावायचं, पेन ड्राइव्हएवढं असतं ते, त्याला एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा दिसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा हॅमवाला आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो, रशियाच्या मेटिऑर-एम या हवामान उपग्रहांचे फोटो १३७.१ किंवा १३७.९ वर येतात, म्हणजे दोघांत आठ मेगाहर्ट्झचं अंतर, एक डोंगल दोन्हीकडे एकदम बघूच शकत नाही. आणि उपग्रह काही आपल्यासाठी थांबत नाही, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जायला दहाबारा मिनिटं, तेवढ्यात मिळालं तर मिळालं. स्कॅनरचं पण तसंच, तो दिलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासत जातो आणि कुठे आवाज सापडला की तिथे थांबतो, म्हणजे तो तिथे थांबला असताना बाकीच्या जागी काय चाललंय हे त्याला कळत नाही. म्हणून ज्यांना खरंच ऐकायची आवड आहे त्यांच्याकडे दोनतीन सेट असतातच. सेट जास्त लागतात हे मान्य, पण त्यासाठी अँटेना जास्त लागत नाहीत, आणि हेच मला सगळ्या सोसायट्यांना सांगायचंय.

ही काही नवी युक्ती नाहीये. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ ला सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसायला लागलं. नंतर टीव्ही घरोघरी आले तेव्हा बऱ्याच मोठ्या बिल्डिंगांमध्ये गच्चीवर एकच मोठी अँटेना, तिच्याखाली बूस्टरचा डबा आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला एक वायर अशी सोय असायची, आणि बिघडलं की सगळ्यांचं एकदम बिघडायचं म्हणून तिच्याकडे लक्षही सगळे द्यायचे. ज्या बिल्डिंगला ते जमत होतं तिला आज चार रिसीव्हरांना एक अँटेना देणं अवघड का वाटावं.

पण इथे एक मोठी चूक होते, आम्हीही केली, आणि ती मी सविस्तर सांगते कारण पुष्कळ लोक हीच करतात. आम्ही गच्चीवर एक डिस्कोन अँटेना लावली. वर चकतीसारख्या आडव्या दांड्या, खाली शंकूसारख्या तिरप्या दांड्या, छत्री उलटी-सुलटी जोडल्यासारखी दिसते, तिचा फायदा हा की एफएमपासून पुढे बराच मोठा पट्टा ती एकटी पकडते. तिथून आरजी-६ वायर, तीच केबल टीव्हीची, खाली आणली, आणि ज्या इलेक्ट्रिशियनने काम केलं त्याने पाण्याच्या टाकीशेजारी वायरीला सरळ टी, म्हणजे इंग्रजी T सारखा साधा जोड, लावली आणि फाटे काढून दिले. त्याच्या दृष्टीने वायर म्हणजे वायर, बल्बला कसं एका लायनीवर चार बल्ब लागतात तसंच. सुरुवातीला दोनच फाटे चालू होते, एक काकांचा आणि एक त्या मुलीचा.

पहिल्याच आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली, मावशी काहीतरी विचित्र होतंय, काका रेडिओ ऐकत असतात तेव्हा माझा फोटो येतो आणि काका रेडिओची पिन काढून झोपतात तेव्हा फोटो येतच नाही. मला आधी वाटलं हिचं काहीतरी चुकतंय, उलट काकांनी पिन काढली तर सगळा सिग्नल हिलाच मिळायला हवा. मी स्वतः काकांच्या घरी जाऊन बसले, फोन चालू ठेवला, पिन काढली, ती वरून म्हणाली गेलं, पिन लावली, म्हणाली आलं. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तसंच.

कारण कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू. टीपासून काकांच्या घरापर्यंतची वायर पिन काढल्यावर टोकाला उघडी राहते. टीकडून त्या फाट्यात शिरलेली रेडिओ लहर उघड्या टोकापर्यंत जाते, आपटते आणि परत येते, आणि वायरीची लांबी जर पाव तरंगलांबीच्या विषम पटीत बसली, एक पाव, तीन पाव, पाच पाव अशी, तर परत आलेली लहर टीजवळ असा घोळ करते की तिथे जणू कोणी दोन्ही तारा एकमेकीला चिकटवून शॉर्ट केलंय. म्हणजे कोणी काही जोडलेलं नसतानाही नुसती रिकामी वायर सिग्नल गिळते. १३७.९ मेगाहर्ट्झला आरजी-६ मध्ये पाव तरंगलांबी साधारण ४५ सेंटिमीटर पडते, कारण वायरीत लहर हवेपेक्षा हळू जाते. मग मी काकांच्या उघड्या टोकाला बरोबर तेवढाच तुकडा जोडून बघितला, आणि काकांची पिन निघालेली असतानाही फोटो आला! अर्ध्या मीटरहून कमी वायर आणि वरच्या मजल्यावर अरबी समुद्रावरचे ढग दिसायला लागले. लॅबमध्ये मी हे मुलांना फळ्यावर कित्येक वर्षं शिकवताना ऐकलंय, पण स्वतःच्या बिल्डिंगमध्ये बघणं वेगळंच.

पण असे तुकडे जोडून काम चालत नाही, कारण एका फ्रिक्वेन्सीला बरं झालं की दुसरीला बिघडतं. शिवाय टीचा दुसराही त्रास आहे. प्रत्येक रेडिओच्या आत स्वतःचा एक छोटा ऑसिलेटर असतो, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारं सर्किट, साध्या एफएम सेटमध्ये तो बहुतेक वेळा आपण लावलेल्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. म्हणजे कोणी ९१.१ लावलं की त्याच्या सेटमध्ये १०१.८ तयार होतं, ते आपल्या विविध भारतीच्या १०१ च्या अगदी शेजारी. एकटा सेट असेल तर काही बिघडत नाही, पण टी लावली की ते थोडंसं गळणारं १०१.८ उलट्या दिशेने वायरीत येतं आणि शेजारच्याच्या सेटमध्ये शिरतं, टीमध्ये अडवणारं काही नसतंच. पाचव्या मजल्यावरच्या मुलाचा स्कॅनर जसा फ्रिक्वेन्सी बदलत जायचा तसा त्याचा ऑसिलेटर पण सरकायचा आणि त्या मुलीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक रेघ तिरकी सरकत जाताना दिसायची. दोघांचं यावरून थोडं वाजलंही, तिला वाटलं तो मुद्दाम करतोय.

तेव्हा टी काढली आणि स्प्लिटर लावला. केबलवाले वापरतात तोच, धातूची छोटी डबी, एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला चार बाहेर, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोनअडीचशे रुपयांत मिळतो, फक्त झाकण सोल्डर केलेला आणि वर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं बघून घ्या. आत टीसारखी नुसती जोडणी नसते, फेराइटच्या छोट्या कड्यांवर गुंडाळलेली तार असते आणि त्यामुळे एका आउटपुटमधून शिरलेलं दुसऱ्या आउटपुटमध्ये जाताना साधारण शंभरावा हिस्साच उरतो. काकांनी पिन काढली काय आणि लावली काय, वरच्यांना फरक पडत नाही. जे आउटपुट रिकामं असेल त्यावर ७५ ओहमची टोपी लावायची, टर्मिनेटर म्हणतात, पंधरावीस रुपयांची वस्तू, ती लावायला आळस करू नका.

याची किंमत सिग्नलमध्ये मोजावी लागते, ते लपवण्यात अर्थ नाही. दोघांत वाटलं की प्रत्येकाला निम्मा, म्हणजे ३ डेसिबल कमी, प्रत्यक्षात साडेतीन धरा. चौघांत वाटलं की सुमारे ७ डेसिबल कमी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा. हे ऐकलं की लोक लगेच बूस्टर घ्यायला पळतात, आणि दुकानदार जेवढा जास्त डेसिबलचा बूस्टर तेवढा चांगला म्हणून देतो. माझं ठाम मत आहे की पहिल्या दिवशी बूस्टर लावूच नका. शहरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची ड्राइव्ह, सोलरचे इन्व्हर्टर यांची घरघर हवेतच इतकी असते की अँटेनाने सिग्नलबरोबर ती पण पकडलेली असते, स्प्लिटरने दोन्ही सारखेच कमी होतात, आणि त्यामुळे ऐकण्यात वाटतो तितका फरक पडत नाही. तपासायची पद्धत एकदम सोपी. रिसीव्हर रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ठेवा, खरखर ऐका किंवा मीटर बघा, आणि अँटेनाची वायर लावा-काढा करून बघा. वायर लावल्यावर खरखर स्पष्ट वाढत असेल तर तुमच्या सेटला पुरेसं मिळतंय, बूस्टरने फक्त आवाज मोठा होईल, स्वच्छ होणार नाही. वायर लावून काहीच फरक पडत नसेल तर मात्र बूस्टर हवा.

आम्हाला ४३५ मेगाहर्ट्झच्या उपग्रहांसाठी तो लागला, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की वायरीतच जास्त जातं. पण मग तो वर लावायचा, अँटेनाच्या खाली लगेच. वायरीत आणि स्प्लिटरमध्ये जे हरवलं ते खाली बूस्टर लावून परत मिळत नाही, उरलेल्या सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच फुगते. वर लावला तर त्याला वीज त्याच वायरीतून खालून पाठवता येते, मात्र त्यासाठी स्प्लिटर असा घ्या की ज्याच्या एकाच आउटपुटमधून वीज जाते, आणि वीज पाठवणारा माणूस एकच ठरवा. दोन मुलांनी दोन डोंगलमधून एकदम वीज सोडली तर काय होईल हे मला प्रयोग करून बघायचं नाहीये, आम्ही त्या आउटपुटवर लाल टेप गुंडाळलीये आणि ती वायर माझ्याच घरी येते.

बूस्टरबरोबर एफएमचा फिल्टर हवाच हवा. शहरातली ९१.१, ९५, ९८.३, १०१ ही स्टेशनं इतकी जोरात येतात की बूस्टर त्यांनीच भरून जातो, आणि डोंगल बिचारं आधीच नाजूक. आमच्याकडे फिल्टर नसताना दोन संध्याकाळी असं झालं की १३७ वर उपग्रहाच्या जागी पडदाभर रेघोट्या आणि मधूनच गाणं. ८८ ते १०८ अडवणारा छोटा फिल्टर मधे लावला आणि गेलं. अर्थात मग काकांची विविध भारतीही गेली! म्हणून काकांचा फाटा फिल्टरच्या आणि बूस्टरच्या आधीच एका दोनच्या स्प्लिटरने वेगळा काढला, त्यांना बूस्टरची गरज नव्हतीच. ही अडचण कुठल्याही पुस्तकात आधी सापडणार नाही, कोण काय ऐकतं त्यावर ठरतं, त्यामुळे आधी सगळ्यांनी एकत्र बसून कोणाला काय ऐकायचंय ते कागदावर लिहा आणि मग सामान आणा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. हे सगळं फक्त ऐकण्यासाठी. ज्या हॅमला बोलायचंय, म्हणजे ट्रान्समिट करायचंय, त्याची अँटेना वेगळीच पाहिजे, ती या वाटणीत कधीही आणायची नाही. हिशोब बघा, हातातला छोटा सेट ५ वॉटचा असतो, स्प्लिटरने शंभरावा हिस्साच पुढे जाऊ दिला तरी ५० मिलिवॉट शेजारच्याच्या डोंगलमध्ये शिरतात, आणि हे सेट ज्या सिग्नलवर चालतात तो मिलिवॉटच्या कित्येक कोटी पट लहान असतो. माझ्या एका परिचितांनी दुसऱ्या शहरात घाईत वायर बदलली आणि सवयीने बटण दाबलं, एका सेकंदाच्या आत घरातल्या दोन रिसीव्हरांचं पुढचं सर्किट गेलं, त्यातला एक त्यांच्या मुलाने पैसे साठवून घेतलेला होता. म्हणून माझा बोलायचा सेट माझ्या बाल्कनीतल्या छोट्या अँटेनावर असतो आणि त्याच्या वायरीला वेगळ्या जातीचा कनेक्टर लावलाय, चुकूनही बसणार नाही असा.

आता पाणी. सोसायटीला भोकांची भीती वाटते तशी रेडिओवाल्याला पाण्याची वाटली पाहिजे. पहिल्या पावसाळ्यानंतर सिग्नल हळूहळू कमी झाला, कोणाला कळेना, ऑक्टोबरमध्ये मी वरचा कनेक्टर उघडला तर वायरीतली वेणीसारखी विणलेली तारांची जाळी काळी पडलेली, मधली तार हिरवट, आणि वायर चिमटीत दाबली की आतून पाण्याचा थेंब बाहेर आला. वरचं काळं आवरण चांगलं दिसत होतं, आत मात्र जाळीमधून पाणी वातीसारखं दोन मीटर खाली उतरलं होतं. तेवढी वायर कापून टाकली. आता प्रत्येक जोडावर आधी ताणून गुंडाळायची रबरी टेप, वर साधी काळी टेप, आणि वायर जोडाकडे जाण्याआधी खाली एक झोळ दिलेला, म्हणजे पाणी झोळातून टपकतं, जोडात शिरत नाही. स्प्लिटर आणि बूस्टर जिन्याच्या छपराखाली डब्यात. काठी लिफ्टच्या मशीनरूमच्या उभ्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलीये, स्लॅबला हात लावलेला नाही. काठीला जाड तांब्याची वायर लावून बिल्डिंगच्या अर्थिंगला जोडलीये, वायर आत शिरते तिथे विजेचा झटका जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर आहे, आणि तरीसुद्धा वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की सगळे आपापल्या पिना काढतात. आता पिन काढून कोणाचं काही बिघडत नाही हे स्प्लिटरचे उपकारच.

त्या वाचकांनी विचारलंय की या हौसेचा समाजाला उपयोग काय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि २६ जानेवारी २००१ ला भूजचा, तेव्हा फोन बंद पडले असताना निरोप पोचवणाऱ्यांमध्ये हॅम मंडळी होती. ती काही भूकंपाच्या दिवशी तयार झाली नव्हती, आधी कित्येक वर्षं आपापल्या गच्चीवर ऐकत बसलेली होती. मे २००५ मध्ये इस्रोने पीएसएलव्ही-सी ६ मधून हॅमसॅट हा उपग्रह सोडला तो खास हॅम लोकांसाठीच. आणि २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर बंगळुरूच्या मुलांशी बोलले, ते ऐकल्यापासून आमचा पाचव्या मजल्यावरचा मुलगा परीक्षेच्या मागे लागलाय. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग घेते, वयाची बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं. पोलीस, लष्कर असं काही ऐकत बसणं हा आमचा विषय नाही, कायद्याला ते मान्य नाही आणि आमच्या मंडळींना मी पहिल्या दिवशीच बजावलंय, कमिटीला तसं लिहूनही दिलंय. सोसायट्यांच्या मनात मुख्य शंका हीच असते, ती लेखी दूर केली की पुढचं बोलणं सोपं जातं.

खर्चही सांगते कारण लोक तोच विचारतात. अँटेना, वायर, स्प्लिटर, बूस्टर, फिल्टर, पट्ट्या आणि अर्थिंग मिळून आम्हा चौघांना साडेनऊ हजार आले, सोसायटीच्या खात्यातून एक रुपया नाही. वेगवेगळ्या चार काठ्यांना यापेक्षा जास्त गेले होते आणि आजींची झोप गेली होती ती वेगळीच.

म्हणून सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी विनंती आहे की सरसकट काढा अशी नोटीस लावायच्या आधी त्या मुलांना बोलावून विचारा, तुम्ही एकत्र येऊन एकच अँटेना लावाल का, आणि सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून जागा, जबाबदार माणूस आणि वायरीचा मार्ग लिहून ठेवा. बिल्डर लोकांना सांगणं आहे की नवीन बिल्डिंगमध्ये गच्चीपासून प्रत्येक मजल्यापर्यंत एक रिकामा पाइप डक्टमधून टाकून ठेवा, बांधताना त्याला फार पैसे लागत नाहीत, नंतर मात्र भिंत फोडावी लागते. आणि रेडिओवाल्यांना, विशेषतः नव्या मुलांना, सांगणं आहे की टी लावू नका.

आमच्या चारच्या स्प्लिटरवर सध्या एक आउटपुट रिकामं आहे, काकांचा फाटा वेगळा काढल्यापासून. त्यावर ७५ ओहमची टोपी लावून ठेवलीये. पुढच्या महिन्यात सहाव्या मजल्यावर नवीन कुटुंब राहायला येतंय, त्यांची सातवीतली मुलगी घर बघायला आली तेव्हा गच्चीवर ती अँटेना बघून हे काय आहे म्हणून विचारत होती. टोपी काढायला पाना लागत नाही, हाताने फिरवली की निघते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे